आधी आसरा, मग उपदेश



आमच्या गावच्या महिला हरिपाठ मंडळात एक प्रश्न हमखास येतो. हरिपाठ झाला, आरती झाली, की एखादी सासू मागे थांबते. सून शेजारी पदर सावरत उभी असते. "हिला पाचवा लागला आहे. कोणती पोथी लावू? बाळाला काय ऐकवू?" कोणाच्या मोबाइलमध्ये गर्भसंस्काराची गाणी भरलेली असतात, कोणी शहरातल्या वर्गाची फी विचारून आलेली असते. विचारणारीच्या मनात श्रद्धा असते, आणि श्रद्धेच्या मागे धास्तीही असते. आपल्याकडून काही राहिले तर बाळात काही उणे राहील, अशी ती धास्ती. त्यांना जे तोंडी सांगत आले, तेच आज आपल्यासमोर लिहून ठेवते.

गर्भसंस्कार म्हटला की आपल्याला पहिला आठवतो तो भक्त प्रल्हाद. आईच्या पोटात असताना त्याने नारदांचा उपदेश ऐकला, हे आपण कीर्तनात किती वेळा ऐकले असेल. भागवताच्या सातव्या स्कंधात ही कथा प्रल्हाद स्वतःच आपल्या सवंगड्यांना सांगतो. ती एकदा सावकाश वाचा. हिरण्यकशिपू तपाला गेला होता. देवांनी त्याच्या घरावर चाल केली आणि इंद्र गर्भवती कयाधूला धरून नेऊ लागला. ती भयाने आक्रोश करीत होती. वाटेत नारद भेटले. त्यांनी इंद्राला थांबवले, तिला सोडायला लावले. मग तिला आपल्या आश्रमात नेले आणि सांगितले, "बाळ, तुझा पती परत येईपर्यंत इथे राहा." ती तिथे निर्भयपणे राहिली. उपदेश त्यानंतरचा.

हा क्रम मनात धरा. नारदांच्या जिभेवर चोवीस तास नाम होते. त्यांना वाटेतच उपदेश करता आला असता. पण धरलेला हात आधी सोडवला, डोक्यावर छप्पर दिले, भय घालवले, आणि मग ज्ञान सांगितले. भयाने थरथरणाऱ्या आईच्या कानात ओतलेला वेद गर्भापर्यंत कसा पोचणार? प्रल्हाद आणखी एक गोष्ट सांगतो. काळ लोटला तशी आई तो उपदेश विसरली, त्याला मात्र तो आठवत राहिला. आई विसरली म्हणून त्याने तिला बोल लावलेला नाही.

आता आपल्या मुलखाकडे पाहा. मी सावली तालुक्यातली. वैनगंगेच्या अलीकडे आमचा चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला, तोवर दोन्ही काठ एकाच जिल्ह्याचे होते. अजूनही सोयरिकी नदीपार होतात. इकडे धानाची शेती. ज्या आषाढात आपल्या दिंड्या पंढरीच्या वाटेवर असतात, त्याच आषाढात आमच्याकडे रोवणी असते. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून बाया परे लावतात. त्यात पोटुशीही असतात, कारण रोवणीची मजुरी महिनाभरच मिळते. त्याआधी चैत-वैशाखात मोहफुले वेचायची आणि तेंदूपत्ता तोडायचा. जंगलात वाघाची भीती, घरी परतल्यावर चूल, आणि सगळ्यांच्या ताटात पडल्यावर उरेल ते तिचे. अशा बाईला आपण विचारतो, पारायण किती झाले!

पलीकडे दक्षिणेला भामरागडकडे गेलात तर पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढते आणि कित्येक गावांची वाट बंद होते. कळा त्याच रात्री सुरू झाल्या तर? यासाठी आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांना लागून सरकारने एक सोय केली आहे. दिवस भरत आले की गर्भवतीने काही दिवस आधीच तिथे येऊन राहायचे, सोबत घरचे माणूस आणायचे, धाकटे मूल असेल तर तेही आणायचे. राहण्या-जेवणाची व्यवस्था तिथेच. या जागेचे नाव आहे ‘माहेरघर’. आपण वारकरी पंढरीला माहेर म्हणतो, म्हणून हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला भरून आले. मला तर हा नारदांचा आश्रमच वाटतो.

माझ्या घरचे सांगते. आमची सून सिरोंचाच्या वाटेवरच्या गावची. तिला दिवस गेले आणि हिशेब केला तर नववा महिना भर आषाढात येत होता. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मला दिसले, की ती येता-जाता कणगीतून मूठभर तांदूळ घेते आणि कच्चेच चघळते. शेजारणी हसल्या, म्हणाल्या, डोहाळे आहेत. मला तुकोबारायांचा अभंग आठवला. आईला डोहाळा होतो तो पोटातल्या जिवाच्या आवडीचा, असे महाराज सांगतात. त्यांचा रोख भक्त आणि देव यांच्याकडे आहे, पण दृष्टांत घरातलाच आहे. मी मनाशी म्हटले, हा जीव आतून काहीतरी मागतो आहे, ते समजून घेतले पाहिजे. आशाताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, कच्चे तांदूळ, माती, खडू खावासा वाटणे ही पुष्कळदा रक्त कमी असल्याची खूण असते. तपासणीत हिमोग्लोबिन आठच्या घरात निघाले. गरोदरपणी ते निदान अकरा हवे.

आपल्या भागात सिकलसेलचा आजार बराच आहे, म्हणून तिची आणि मुलाची, दोघांचीही ती तपासणी झाली. दोघांनाही तो नाही असे कळले, तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या रोज घ्यायच्या. चहासोबत घेतल्या तर अंगी लागत नाहीत, म्हणून लिंबूपाण्यासोबत. परसात मुनगा होताच. मुनग्याच्या पाल्याची भाजी, टरोट्याची भाजी, भिजवलेली मोट, जवसाची चटणी, आणि तिचे ताट घरात सगळ्यांच्या आधी. हा नियम आमच्या ह्यांनी लावला. नैवेद्य दाखवला की पहिले पान सुनेचे. ते म्हणत, "नैवेद्य आत जाऊन खाणारा तिच्याकडेच आहे." दीड-दोन महिन्यांत तांदळाकडे जाणारा तिचा हात आपोआप थांबला.

मग आषाढ आला. आमच्या ह्यांची वारी चौदा वर्षे चुकली नव्हती. ते पखवाज वाजवतात, दिंडीत त्यांची जागा ठरलेली. मुलगा खाणीत कामाला, त्याची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, अशी रीत. पण तिच्या माहेरच्या वाटेवर दोन नाले, आणि पाऊस आदल्याच आठवड्यात लागलेला. मी विहीणबाईंना निरोप पाठवला, तुम्हीच इकडे या. त्या आल्या. लेक माहेरी गेली नाही, माहेर लेकीकडे आले. राहिला प्रश्न वारीचा. हे दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकड्यानंतर म्हणाले, "पुंडलिकाने देवाला विटेवर उभे केले ते सेवेत होता म्हणून. आज आपल्या घरी सेवा चालू आहे. पांडुरंगाला उभे राहायची सवय आहे." पखवाज घरीच राहिला. ज्यांच्या घरी दुसरे कोणी करणारे आहे त्यांनी अवश्य जावे. पण ज्याच्या जाण्याने घरातली गर्भवती एकटी पडेल, त्याने थांबण्यात वारीचा भंग होतो असे मी मानत नाही.

आता बाळाशी बोलण्याविषयी, कारण तेही आपल्याला हवेच. साधारण सहाव्या महिन्यापासून बाळाच्या कानांना आवाज कळू लागतो. बाहेरचा आवाज पाण्यातून आल्यासारखा मंद पोचतो. आईचा आवाज मात्र तिच्याच शरीरातून, हाडामांसातून आत जातो. १९८० साली अमेरिकेत डिकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी नुकत्या जन्मलेल्या बाळांवर एक प्रयोग केला. परक्या बाईचा आणि आईचा, असे दोन आवाज ठेवले, तेव्हा बाळे आईचा आवाज ऐकायला मिळेल अशा रीतीने चोखत होती. म्हणून मी सांगते, पोटावर स्पीकर ठेवू नका, कीर्तनाच्या भोंग्याजवळ तिला बसवू नका. तिलाच गुणगुणू द्या. हरिपाठ पाठ असेल तर हरिपाठ, नसेल तर जात्यावरची ओवी, तेही नसेल तर भाजी निवडताना दोन शब्द. आमची सून बाळाला दिवसभराची हकिकत सांगायची. "आज आजोबांनी पखवाजाला शाई लावली. आज पाऊस आला." मुलगा पाळीवरून आला की पोटापाशी तोंड नेऊन विचारायचा, "जेवलास का रे?" आणि लाजायचा. संध्याकाळी ह्यांनी पखवाजावर हात टाकला की आत हालचाल व्हायची आणि ती हसून पोटावर हात ठेवायची.

ही हालचाल म्हणजे बाळाने दिलेली ओ. पहिलटकरणीला ती पाचव्या महिन्याच्या आसपास कळू लागते. शेवटच्या महिन्यांत तिकडे नीट लक्ष ठेवा. नेहमीपेक्षा कमी वाटली, तर अंगारा लावून सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. १०२ क्रमांकावर गाडी बोलावता येते, तिचे पैसे लागत नाहीत. आम्हीही एका पहाटे तीच बोलावली. नदीला पाणी चढले होते, पण दवाखाना अलीकडच्याच काठावर होता. द्वादशीला नात झाली. लहानखुरी होती, पण रडली खणखणीत.

एक गोष्ट जड मनाने लिहिते. आमच्या ओळखीच्या एका घरी बाळ जन्मले ते वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. बाया कुजबुजल्या, हिने ग्रहणात भाजी चिरली असेल, पोथी वाचली नसेल. ती माय वर्षभर कुठल्या कार्यक्रमाला आली नाही. बाळाच्या ओठावर शस्त्रक्रिया झाली, आता ते बोबडे बोलते आणि टाळ धरते. मायच्या मनावरचा घाव मात्र शिवता आला नाही. अभिमन्यूच्या कथेतही आपण सुभद्रेला झोप लागली, झोप लागली असे म्हणत राहतो. अहो, गर्भारशीला झोप लागणारच, लागायलाच हवी! चक्रव्यूहात एका पोराला घेरून मारणारे महारथी दोषी की डुलकी लागलेली आई? कीर्तनकार मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, हा दृष्टांत मांडताना समोर बसलेल्या बायांकडे एकदा पाहावे.

आसऱ्याने काय होते याचा दाखला याच मातीत आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊब द्यायची, वजन करायचे, दूध ओढते का पाहायचे, जंतुदोष ओळखून औषध द्यायचे. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे जगासमोर आले. त्या बाया काही मोठ्या शिकलेल्या नव्हत्या. वेळेवर दारात उभ्या राहिल्या, एवढेच.

तेव्हा, माउली, पोथी जरूर लावा. नामासारखे दुसरे साधन नाही, ते मी कशाला सांगू. पण हरिपाठाला आलेल्या गर्भवतीला आधी विचारा, बाई, जेवलीस का? रात्री झोप लागते का? गोळ्या संपल्या तर नाहीत? नववा लागल्यावर गाडी कोणाची, सोबत कोण, हे ठरले आहे का? रोवणीचे दिवस असतील तर तिच्या बांधीत मंडळातल्या चार जणींनी एक दिवस उतरा. तिच्या मनातले भय गेले की तिच्या ओठांवर नाम आपणहून येईल, आणि आत बसलेला तो लहानसा श्रोता कान देऊन ऐकेल.

राम कृष्ण हरी.