टेलच्या गावापर्यंत फायबर

विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी पंपांनी उचलून कालव्यात सोडतात. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चाऱ्या आणि सगळ्यात शेवटी टेलचा शेतकरी. १९८१ पासून इथेच श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. तिथे नेटवर्क शिकणाऱ्याला फांद्या फुटत जाणाऱ्या जाळ्याचं पहिलं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

नकाशावर नांदेड, लोहा, कंधार, मुखेड, नरसी आणि देगलूर मांडले की फायबरचा आराखडा करणाऱ्यापुढे दोन झाडं, म्हणजे फांद्या फुटणारी दोन जाळी, उभी राहतात. एकात एकूण केबल कमीत कमी लागते. दुसऱ्यात नांदेडहून प्रत्येक ठिकाण जवळच्या वाटेने जोडलेलं असतं. पहिल्यात खोदाई वाचते, पण कंधार लोह्यामागून आणि मुखेड कंधारमागून जोडलं, तर लोह्याच्या रस्त्यावर जेसीबीने केबल तोडताच हे तिन्ही तालुके बंद. दुसऱ्यात वाटा सरळ होतात आणि खोदाईचं बिल वाढतं.

दोन्ही प्रश्न सुटे घेतले तर सोपे आहेत. दक्षिण मोराव्हियाच्या वीजजाळ्याच्या निमित्ताने ओताकार बोरूवका यांनी पहिला प्रश्न १९२६ मध्येच सोडवला. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ च्या एकाच छोट्या लेखात दोन्हींची उत्तरं दिली. पेच आहे तो दोन्ही एकाच झाडात साधण्याचा.

१९९५ मध्ये खुल्लर, राघवाचारी आणि यंग यांनी एक सुरेख तोड मांडली. स्वस्त झाडावरून फिरत जायचं आणि एखाद्या गावाचं अंतर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं, की मुळापासून, म्हणजे इथे नांदेडहून, त्या गावापर्यंतची सरळ वाट जोडायची. कुठल्याही गावाची वाट सर्वांत जवळच्या वाटेच्या दुपटीत ठेवायची असेल, तर एकूण केबल किमान केबलच्या तिपटीपलीकडे जात नाही. तिपटीची सूट दिली, तर केबल दुपटीत बसते.

फायबरमध्ये तिसरी अट येते. घरोघरी फायबर नेणाऱ्या जीपॉन तंत्रात एक फायबर अनेक फांद्यांत विभागणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, पण तो प्रकाश वाटून टाकतो. नेहमीच्या उपकरणांत प्रकाशाची २८ डीबीपर्यंत (डेसिबल) घट चालते. १:३२ स्प्लिटर त्यातले सुमारे १७ घेतो, जोड आणि राखीव धरून ४ जातात. उरलेल्या ७ डीबीत, किलोमीटरमागे ०.३५ धरले, तर २० किलोमीटर होतात. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात वाड्या-तांडे विखुरलेले. तिथे १:८ घेतला तर लांब जाता येतं, मात्र ओएलटीचे, म्हणजे मुळाशी बसवलेल्या उपकरणाचे, पोर्ट जास्त लागतात.

खर्च, अंतर आणि फांद्या यांना गुण देऊन एकच बेरीज करण्याचा मोह मोठा असतो. त्या बेरजेत सरासरी छान दिसते आणि टेलचं गाव हरवतं. आर. रवी, माधव मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात अभ्यासलेली मांडणी इथे जास्त न्याय्य ठरते: एका उद्दिष्टाला आधी मर्यादा घालायची आणि मग दुसरं कमीत कमी करायचं. आराखडा करणाऱ्याने पहिली मर्यादा सर्वांत दूरच्या गावासाठी लिहावी, केबलची काटकसर त्यानंतर.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या, २०११ मध्ये मंजूर झालेल्या भारतनेटच्या २०२३ च्या सुधारित आराखड्यात गट (ब्लॉक) ते ग्रामपंचायत रिंग करण्याचं ठरलं, १,३९,५७९ कोटी रुपयांच्या कार्यक्रमात. एक वाट तुटली तरी दुसरी राहावी यासाठी. पण ग्रामपंचायतीपासून शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि घरांकडे फांद्याच फुटणार. त्या कामाच्या निविदेत केबलचे किलोमीटर लिहिलेले असतात. त्याच पानावर सर्वांत लांबच्या शाळेत किती डीबी घट चालेल, हा आकडाही असायला हवा.