काथ्याची बाज

विजेचं आणि माझं कधी जमलं नाही. इस्त्री तापायला हवी तेव्हा ती थंड असते आणि चार्जर मात्र विनाकारण तव्यासारखा तापतो. धावीर महाराजांच्या पालखीसाठी भाचा रोह्याला आला, तेव्हा मी हे गाऱ्हाणं त्याच्यापुढे मांडलं. तो मुंबईत पदार्थविज्ञान शिकतो. म्हणजे साध्या प्रश्नाला साधं उत्तर द्यायची त्याला बंदी आहे.

"मामा, तारेतले इलेक्ट्रॉन धक्के खात जातात, म्हणून तार तापते."

हे पटलं. दिवा-रोहा गाडीतून मीही तसाच येतो.

"पण काही पदार्थ अतिशय थंड केले की हा रोध साफ नाहीसा होतो. १९११ साली कामरलिंग ओनेस यांनी पाऱ्यात ते पाहिलं, उणे २६९ अंशांवर. तिथे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं चालतात."

इथे मी त्याला पकडला. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, एवढं मलाही शाळेत शिकवलंय. मग जोडी जमणार कशी?

भाच्यानं ओटीवरच्या बाजेकडे बोट केलं. "हिच्यावर एक माणूस बसला की?"

"खड्डा पडतो."

"मग दुसरा बसला तर?"

"घरंगळत पहिल्याच्या अंगावर!"

"झालं! धातूतले अणू म्हणजे ही बाज. इलेक्ट्रॉन गेला की ते त्याच्याकडे जरा कलतात, सावरायला वेळ घेतात. तेवढ्यात दुसरा तिकडे ओढला जातो. अणूंच्या या हिंदकळण्याला फोनॉन म्हणतात. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ साली हे मांडलं, १९७२ साली नोबेल मिळवलं."

नोबेल! आणि त्या बाजेवर आम्ही इतकी वर्षं पापड वाळवले.

"आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेलाही १९९४ साली यिट्रिअम, निकेल, बोरॉन, कार्बनच्या मिश्रणात हे सापडलं, साधारण उणे २६१ अंशांना. आता बाज किती पातळ चालेल ते बघतात. निओबिअम डायसेलेनाइड सोलत सोलत जेमतेम तीन अणूंच्या जाडीचा एकच थर उरला तरी जोड्या जमतात. फक्त उणे २६६ ऐवजी २७० पर्यंत उतरावं लागतं."

"आणि मोडतात कधी?"

"तापल्यावर," असं म्हणून भाच्यानं ओटीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं.

तिथे दादा पेपर वाचत होता. परसातल्या फणसावरून आम्ही दोघे तापलो, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून अबोला. पालखीला मात्र तो न चुकता येतो.

त्या रात्री पाहुणे इतके झाले, की आम्हा दोघांच्या वाट्याला ती एकच बाज आली. दोघंही कडेला, पाठीला पाठ लावून. ऑक्टोबरचा उकाडा. मध्यरात्री काथ्यानं आपलं काम केलं.

"सरक की रे जरा," दादा म्हणाला.

चार वर्षांतलं पहिलं वाक्य! मी सरकलो, पुन्हा घरंगळलो. मग दोघंही हसलो आणि फणस बाजूला राहिला.

सकाळी भाच्याला सांगितलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, "मामा, नोंद करून ठेवा. घरच्या तापमानाला, साध्या हवेत, हे अजून जगात कोणालाच जमलेलं नाही."