पाय बघ

माझा मामा मध्य रेल्वेत टीसी होता आणि बरीच वर्षं त्याची ड्यूटी दादरला होती. माणसं न्याहाळायची गोडी मला त्याने लावली. त्याचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, त्यात मी हा सर्वात वर ठेवते. या नादापायी मला बँकेतली रांग, दवाखान्यातलं ताटकळणं कधी जड गेलं नाही.

‘तोंड बघू नकोस, पाय बघ,’ हे त्याचं पहिलं सांगणं. पुलाच्या जिन्यावरून लोंढा उतरत असतो. खाली काळा कोट दिसला की विदाउटवाल्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. पण पाऊल एका पायरीवर थबकतं आणि मग चाल उगाचच वाढते. पासवाला टीसीकडे बघतसुद्धा नाही. ‘पण एका खुणेवर कुणाला धरायचं नाही,’ मामा बजावायचा. ‘घाई सगळ्यांनाच असते. मघाशी कसा चालत होता नि आता कसा चालतोय, ते बघ.’

पुढे डेस्मंड मॉरिसचं १९७७ सालचं ‘मॅनवॉचिंग’ वाचलं. चेहऱ्याला आपण खोटं बोलायला शिकवलेलं असतं, पायांकडे मात्र आपलं लक्ष नसतं, असं तोही सांगतो. मामाने ते पुस्तक पाहिलेलंही नव्हतं.

लेडीज डब्यात ही विद्या रोज कामी येते. ‘कुठे उतरणार?’ विचारायच्या आधीच मला कळतं. डोळे मिटलेल्या बाईचा अंगठा सीटखाली चपलेचा पट्टा चाचपू लागला, मांडीवरची पर्स पोटाशी आली, की पुढचं स्टेशन तिचं. कानातले इअरफोन काढून गुंडाळणारीचंही तेच. हा खेळ खेळत मी कल्याणपर्यंत आनंदात जाते.

मामाचं मोठेपण मात्र मला मुलांच्या बाबतीत दिसलं. लांब पल्ल्याची गाडी रिकामी होते, सगळे जिन्याकडे वळतात आणि एक पोर कुठेच वळत नाही. हातात पिशवी नाही, इंडिकेटरकडे लक्ष नाही, नजर स्टॉलवर खाणाऱ्यांच्या हातांवर. घर सोडून आलेलं मूल मामाला लांबूनच ओळखू यायचं. तो अंगावर जायचा नाही. कोट काढून हातावर टाकायचा, दोन हात अंतर ठेवून बाकावर बसायचा, वडापाव घ्यायचा आणि अर्धा पुढे करायचा. बोलणं नंतर, पोलीस त्याच्याही नंतर. १९९६ साली मुंबईत चाइल्डलाइन सुरू झाली, तेव्हापासून १०९८ हा नंबर त्याच्या डायरीच्या पहिल्या पानावर होता. माणसं ओळखता येणारे मी पुष्कळ पाहिले. ओळखल्यावर शेजारी जाऊन बसणारा हा एकच.

आता तो निवृत्त होऊन डोंबिवलीत असतो. गुडघे धरलेत, त्यामुळे दिवस गॅलरीत जातो. परवा गेले तर म्हणाला, ‘समोरच्या स्टॉपवरचे ते आजोबा बघ. बस आली की पुढे होतात, पाटीकडे मान वर करतात नि मागे सरतात. तिसरी बस सोडली त्यांनी. पाटी वाचता येत नसणार. जा, विचार.’

मी खाली गेले. त्यांना निवासी विभागाची बस हवी होती आणि चष्मा घरी राहिला होता.