रंग काढून घेताना

उंचावरून आपला मुलूख पाहावा, ही हौस मनुष्यास विमानाहून फार जुनी आहे. आम्हां माळव्यातल्यांना तर तिचा थोडा अभिमान बाळगण्यासही जागा आहे. मेघदूतातील यक्ष आपल्या मेघास रामगिरीहून अलकेस धाडताना मुद्दाम वाट वाकडी करून उज्जयिनीवरून जावयास सांगतो. पुढे चर्मण्वतीवर, म्हणजे आपल्या चंबळेवर, तो मेघ पाणी पिण्यास वाकतो. तेव्हा आकाशातून पाहणाऱ्यांना तो रुंद प्रवाह दुरून बारीक दिसतो, आणि पृथ्वीच्या गळ्यातील मोत्यांच्या एकपदरी सरात मधोमध इंद्रनील बसविल्याचा भास होतो. पांढरा सर आणि त्यात एक गडद ठिपका! रंगांचा एवढा मोठा शौकीन कवी, पण इतक्या उंचीवर गेल्यावर त्यानेही बाकीचे रंग बाजूस ठेवले. ही प्रतिमा अलीकडे आम्हांस वारंवार आठवू लागली आहे, आणि तिला निमित्त झाला आहे ड्रोन.

आकाशातून छायाचित्र घेण्याचा पहिला यशस्वी उद्योग नादार नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली पॅरिसजवळ फुग्यात बसून केला. ते चित्र आज उरलेले नाही. १८६० साली जेम्स वॉलेस ब्लॅक याने अमेरिकेतील बोस्टन शहराचे फुग्यातून घेतलेले छायाचित्र मात्र आजही पाहावयास मिळते. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने व आगीने उद्ध्वस्त झाले, तेव्हा जॉर्ज लॉरेन्स याने पतंगांची माळ उडवून तिला जड कॅमेरा टांगला आणि त्या भग्न नगराचे विस्तीर्ण चित्र घेतले. संक्रांतीला गच्चीवर उभे राहून मांजा सोडणाऱ्या आपल्या बडोद्याच्या बांधवांना हे वाचून नवल वाटणार नाही. ड्रोनचा पणजोबा पतंगच होय. ही सारी चित्रे कृष्णधवल होती, कारण दुसरा उपायच नव्हता. आजचा ड्रोन रंगीतच पाहतो. त्याचे चित्र कृष्णधवल होते ते नंतर, संगणकासमोर बसलेल्या कोणाच्या तरी इच्छेने. म्हणून ती इच्छा काय करते, हे पाहणे अगत्याचे झाले आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी जुन्या मराठी वाड्यांची एक गल्ली आहे. रस्ता रुंद व्हावयाचा म्हणून तिच्यातील घरांच्या दर्शनी भिंतींवर गेल्या वर्षी लाल रंगाच्या फुल्या पडल्या. फुलीपर्यंतचा भाग पडणार, हे सर्वांस ठाऊक झाले. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या तीन तरुणांनी ठरविले, की गल्ली आहे तोवर तिची एक चित्रफीत करावी आणि ती गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात दाखवावी. त्यांच्याजवळ अडीचशे ग्रॅमांच्या आतला, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांत ज्याला नॅनो म्हणतात तसला, छोटा ड्रोन होता. उडविण्याआधी त्यांनी घरोघर जाऊन वेळ कळविली, हे त्यांनी फार चांगले केले. वाड्याचा चौक म्हणजे घरचे माजघरच. तेथे वरून डोकावणाऱ्याने आधी हाक मारलीच पाहिजे. निवेदन लिहिण्याचे काम त्यांनी आमच्याकडे सोपविले. त्यामुळे चार-पाच संध्याकाळी आम्ही त्यांच्या संगणकाजवळ बसलो आणि संकलनाच्या या नव्या कलेशी आमचा परिचय झाला.

आमची समजूत होती, की रंग काढून टाकणे म्हणजे एक बटण दाबणे. तसे बटण आहेही. पण ते दाबले असता गल्ली राखेसारखी दिसू लागली. मुलांनी कारण समजावून सांगितले. रंगीत चित्र लाल, हिरवा व निळा या तीन अंशांचे बनते. त्यांचे करडे चित्र करताना संगणक सामान्यतः सुमारे २१ टक्के लाल, ७२ टक्के हिरवा व ७ टक्के निळा असा हिशेब धरतो. हा हिशेब आपल्या हातांनी बदलता येतो. लाल अंश वाढविला तेव्हा निळे आकाश काळवंडले, कडुनिंब गडद झाले आणि छपरांची लाल कवेलू उजळून उठली. ज्यांना आपण आजवर छपरे म्हणत होतो ती एकदम उघड्या पुस्तकाच्या पानांसारखी दोहों बाजूंना उतरताना दिसली. जुने छायाचित्रकार हेच काम भिंगापुढे लाल काच धरून करीत. अँसल अ‍ॅडम्सने १९२७ साली योसेमिटी खोऱ्यातील हाफ डोमच्या कड्याचे जे प्रसिद्ध चित्र घेतले, त्यातील काळेभोर आकाश या लाल काचेचेच.

दुसरी किमया सावल्यांची. चित्रण सूर्य वर आल्यानंतर थोड्याच वेळात केले होते. वरून सरळ खाली पाहिले असता माणूस हा केवळ ठिपका असतो. तुळशीवृंदावन म्हणजे एक चौकोनी खडा. परंतु त्यांच्या सावल्या जमिनीवर लांब पसरलेल्या असतात, आणि रंग नाहीसा झाला की डोळा त्या सावल्याच वाचू लागतो. सायकलवरून दूध घालणाऱ्याची सायकल आम्हांस दिसली ती सावलीत. वृंदावनाचा घाट, कठड्याचे गज, वाळत घातलेल्या लुगड्याची झुळूक, सारे सावलीने सांगितले. इंग्लंडात क्रॉफर्ड व कीलर यांनी विमानातून चित्रे घेऊन १९२८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा हवाई चित्रांत तिरप्या उन्हाच्या सावल्यांनी प्राचीन वस्त्यांचे बांध उठून दिसतात. आमच्या गल्लीतही एका वाड्याच्या परसात एक अस्पष्ट वर्तुळ उमटले. ती बुजविलेली विहीर आहे, हे तेथील वडीलधाऱ्यांनी मागाहून सांगितले. रंगीत चित्रात ते वर्तुळ गवताच्या हिरवेपणात हरवले होते.

येथवर सारे आनंदाचे होते. मतभेद झाला तो पुढे.

संगणकात 'जुनी फिल्म' नावाचा एक प्रकार तयार मिळतो. तो लावला की पडद्यावर उभे ओरखडे पडतात, धुळीचे कण नाचतात, कडा अंधारतात आणि माणसे घाईघाईने तुरुतुरु चालू लागतात. मुलांना तो फार आवडला. त्यांच्या मते त्याने 'फील' येतो. आम्ही त्यांना फाळक्यांची गोष्ट सांगितली. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेल्या दादासाहेबांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लागला, तेव्हा त्या ताज्या फितीवर आज दिसतात तसले ओरखडे असण्याचे कारण नव्हते. ओरखडे पडतात ते पुढे वर्षानुवर्षे यंत्रांतून फिरून. तुरुतुरु चालही त्या काळची नव्हे. मूकपटांचे चित्रण हाताने कळ फिरवून, बहुधा सेकंदाला सोळा ते वीस चौकटींच्या आसपास होई. पुढे तीच फीत चोवीस चौकटींच्या वेगाने दाखविली गेली म्हणून माणसे धावू लागली. म्हणजे आपण ज्याला जुनेपणा म्हणतो ती त्या काळाची मुद्रा नसून, नंतरच्या हेळसांडीची आहे. आणि ड्रोनच्या चित्रावर तर तिला मुळीच आधार नाही. मूकपटांच्या काळी आमच्या गल्लीवर कोण तरंगत होते?

मुलांनी ऐकून घेतले. तथापि त्यांची खात्री पटविली ती आमच्या व्याख्यानाने नव्हे. गल्लीतील एका वाड्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी एकट्या राहतात. मुलांनी त्यांना ते ओरखड्यांचे रूप मोबाईलवर दाखविले. त्यात त्या स्वतः अंगणात सडा घालताना दिसत होत्या. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि विचारले, "बाळांनो, हे मी गेल्यानंतरचं आहे का रे?"

कोणी काही बोलले नाही. जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घालू नये, हे आपल्याकडे लहान मुलासही कळते. त्या संध्याकाळी ओरखडे निघाले.

याचा अर्थ सर्वच परिणाम त्याज्य आहेत, असा नव्हे. फिल्मवर जी बारीक रवाळ पोत असते ती मुलांनी अत्यल्प प्रमाणात ठेवली, आणि तिला सबळ कारण होते. त्यांच्या ड्रोनच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात. आकाश फार ताणून गडद केले, तर त्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या उघड्या पडतात. बारीक रवा त्या पट्ट्या मोडतो आणि आकाश पुन्हा आकाशासारखे सलग दिसते. गायक तंबोऱ्याचा आधार घेतो, तसेच हे.

वेगाच्या बाबतीतही विवेक लागतो. छपरावरून पारव्यांचा थवा उठतो ते दृश्य मुलांना चौपट संथ हवे होते. चित्रण सेकंदाला २५ चौकटींचे. चौपट संथ करावयाचे म्हणजे दर चार चौकटींतील तीन संगणकाने कल्पनेने रचावयाच्या. त्याने त्या रचल्याही. पण पारव्यांचे पंख पाण्यात शाई कालवावी तसे फिसकटले. मग एके सकाळी ते पुन्हा गेले, सेकंदाला १०० चौकटी घेतल्या आणि खरा पंख खऱ्या संथपणाने उलगडताना दाखविला. उलट, गल्लीवरून सूर्य चढताना सावल्या आखडत जातात ते दृश्य त्यांनी दीड तासाचे अर्ध्या मिनिटात आणले. फाळक्यांनीही चित्रपट काढण्यापूर्वी कुंडीतील वाटाण्याचे रोप दिवसामागून दिवस चित्रित करून त्याची वाढ काही क्षणांत दाखविली होती. काळ आटविला तरी आतले प्रत्येक चित्र घडलेलेच असते. न घडलेले मध्ये घुसविणे ही गोष्ट निराळी. गल्ली मध्यावर दुमडून आकाशात आरशासारखी उलटी टांगण्याचाही एक चमत्कार त्यांना येत होता. २०१० च्या 'इन्सेप्शन' या इंग्रजी चित्रपटापासून त्याचे वेड पसरले, असे ते म्हणाले. तो त्यांनी आपणहून गाळला. ज्या घरांचा पुढचा भाग खरोखरच जावयाचा, ती गमतीने दुमडून दाखविण्यास त्यांचे मन घेईना.

सर्वांत अवघड प्रश्न अखेरीस उभा राहिला, आणि तो कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. ड्रोन खाली उतरून भिंतींसमोरून सरकतो त्या दृश्यात लाल फुल्याच दिसेनात! ज्या लाल अंशाने कवेलू उजळली होती, त्यानेच पांढऱ्या चुन्यावरील लाल फुल्या पांढऱ्या करून टाकल्या होत्या. भिंती अगदी निष्कलंक दिसत होत्या. एकाचे म्हणणे पडले, "सर, बरंच झालं. गल्ली सुंदर दिसते, तशीच राहू द्या." दुसऱ्याने लाल अंश कमी करून हिरवा व निळा वाढविला. तत्क्षणी प्रत्येक भिंतीवर काळीकुट्ट फुली उमटली. संगणकातला आकडा थोडा इकडे सरकला की गल्ली अमर, थोडा तिकडे सरकला की गल्लीचा निकाल लागलेला. दोन्ही चित्रे कृष्णधवलच. शास्त्राच्या दृष्टीने दोहोंत खोटे काहीच नाही. परंतु प्रेक्षकाच्या पदरी पडणारे सत्य अगदी भिन्न.

आम्ही आमचे मत स्पष्ट सांगितले. सौंदर्यासाठी अंश बदलणे हा संकलकाचा अधिकार आहे. मात्र ज्या गोष्टीसाठी चित्रफीत काढली तीच त्या बदलात पुसली जात असेल, तर तो अधिकार तेथे थांबतो. मुलांनी मार्ग काढला तो आम्हांस सुचला नसता. उंचावरील दृश्यांत त्यांनी लाल अंश वाढलेलाच ठेवला, म्हणजे छपरे उजळ राहिली. ड्रोन खाली उतरू लागतो तसतसा तो अंश हळूहळू ओसरत जातो, आणि स्वच्छ दिसणाऱ्या भिंतींवर एकेक फुली सावकाश वर येते. निवेदनात त्या जागी आम्ही तीन वाक्ये लिहिली होती. ती आम्ही काढून टाकली.

गणेशोत्सवाच्या पाचव्या दिवशी अकरा मिनिटांची ती चित्रफीत दाखविली. फुल्या उमटू लागल्या तेव्हा सभागृहातील कुजबुज थांबली. दिवाळीनंतर गल्लीतील पहिल्या काही वाड्यांचे दर्शनी भाग पडले. कामाचा निकाल चित्रफितीने बदलला नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी धरली नव्हती.

आपल्या मंडळींच्या जुन्या वस्त्या इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदे अशा अनेक ठिकाणी अजून उभ्या आहेत, आणि ड्रोन बाळगणारा एखादा पुतण्या वा भाचा आता पुष्कळ घरांत असतो. त्यांच्यासाठी या अनुभवातून निघालेल्या चार गोष्टी लिहून ठेवतो. नियम पाहून व घरच्यांस कळवूनच उडवावे. चित्रण सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात करावे. शेवटी दिनांक, वेळ व गल्लीचे नाव अवश्य घालावे, म्हणजे पुढे कोणी त्या चित्राला भलते वय चिकटविणार नाही. आणि मूळ रंगीत चित्रण जसेच्या तसे, निदान दोन ठिकाणी, जपून ठेवावे. कारण रंग काढून घेणे सोपे असते, परत आणणे शक्य नसते.

हे शेवटचे आम्हांस त्या आजींमुळे उमगले. कार्यक्रमानंतर त्या मुलांजवळ आल्या, चित्रफितीचे मनापासून कौतुक केले, आणि हळूच म्हणाल्या, "रंगीत असेल तर तेही द्या रे. आमचं दार हिरवं होतं. नातू पुण्याला असतो, त्याला दाखवायचंय." मुलांनी त्यांना दोन्ही प्रती दिल्या.