लेकीच्या मापाचा समुद्र

२१ सप्टेंबर २०२५, रविवार
ठरले एकदाचे. लेकीला पाचवे लागण्याआधी समुद्र दाखवायचा, आणि नुसता किनाऱ्यावर उभे राहून नाही, तर जहाजावर राहून. गोंदियाहून समुद्र कुठल्याही दिशेने लांबच. आमच्या वैनगंगेचे पाणी वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. इथले पाणी पूर्वेच्या समुद्राला जाते आणि आम्ही जहाजासाठी पश्चिमेला निघणार, रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरहून जास्त. हे लेकीला नकाशावर बोट ठेवून सांगितले, तर तिने विचारले, "मग आपलं पाणी तिथं भेटणार नाही?" नाही भेटणार, बेटा. दुसऱ्या समुद्राचे भेटेल.

दोन पर्याय समोर आहेत. एक लक्षद्वीपचा, जास्त रात्रींचा. दुसरा मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्रींचा. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' फिरते. १९९० मध्ये दुसऱ्या नावाने सेवेत आलेले, अकरा डेकांचे जुने जहाज. ह्यांचे मन लक्षद्वीपवर आहे. तिथले पाणी निळेशार असते हे मलाही ठाऊक आहे. पण तिथे जायला प्रवेश परवाना लागतो, आणि सगळीकडे नुसते पाणी असलेला अख्खा दिवस चार वर्षांच्या पोरीला फार मोठा होतो. रात्री उशिरापर्यंत बोललो. शेवटी दोघांनाही पटले की पहिल्या वेळी दोन रात्री पुरे.

५ ऑक्टोबर, रविवार
दिवाळीच्या सुट्टीत जावे असे वाटत होते. आज बातम्यांत अरबी समुद्रातले 'शक्ती' चक्रीवादळ पाहिले आणि तो विचार सोडला. मान्सून परतताना, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि पुन्हा मे-जूनमध्ये या समुद्रात वादळे उठतात. मधल्या जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र बहुधा शांत असतो. कोकणातले लोक पावसाळ्यात नाव किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रात जातात, त्यामागे पिढ्यांचे शहाणपण आहे.

'रामदास' बोटीची हकीकत आज पुन्हा वाचली. १७ जुलै १९४७, ऐन पावसाळा. मुंबईहून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत घरी सणाला निघालेली कितीतरी कुटुंबे होती. आजची जहाजे वेगळी, हवामानाचे अंदाज वेगळे; तरी महिना निवडायचा हक्क समुद्राचाच आहे. आम्ही जानेवारी धरला. तोवर धानही घरात आलेले असेल.

१२ ऑक्टोबर, रविवार
काल बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. लेकीला देवरीच्या घाटात गाडी लागते, म्हणून मुख्य प्रश्न बोट लागण्याचाच होता. डॉक्टरांनी नीट समजावले. आतल्या कानाला हालचाल कळते, पण बंद खोलीत डोळ्यांना भिंत स्थिर दिसते. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत आणि पोट ढवळते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचित होतो, दोन ते बारा वर्षांत सर्वांत जास्त. आमची नेमकी त्या वयात. औषध वजनावरून लिहून दिले आणि बजावले की आधी एकदा घरी देऊन बघा, कारण काही मुले त्याने झोपतात तर काही उलट चिडचिडी होतात. मोठ्यांच्या कानामागे लावायची पट्टी मुलांना लावायची नाही.

औषधापेक्षा खोलीची निवड मोठी, हेही कळले. जहाज पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त वरखाली होते, आणि वरच्या डेकवर जास्त डोलते. मधोमध, खालच्या डेकवरची खोली सर्वांत स्थिर. खिडकी हवी, म्हणजे क्षितिजाकडे बघता येते. बिनखिडकीची खोली स्वस्त असते, पण लेक अंधारात दचकून उठते. गच्चीवाली खोली ह्यांना आवडली होती. मी सरळ नाही म्हटले. घरी ती खुर्ची ओढून ओट्यावर चढते. कठड्याशेजारी खुर्ची असलेल्या खोलीत मला दोन्ही रात्री डोळ्याला डोळा लागणार नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
काल भाऊबीज झाली, आजपासून गावोगाव मंडईची जत्रा. माहेरच्या मंडईत लेकीने पिपाणी घेतली आणि दंडारीचा खेळ बघत झोपून गेली.

परतताना सासूबाईंनी मनातले बोलून दाखवले. "पाण्यावर रात्र काढाची, अन् एवढ्याशा पोरीले घेऊन? तिले भेव वाटला तं?" त्यांची काळजी खोटी नाही. त्यांचे लहानपण तलावाकाठी गेले. पाणी काय करते ते त्यांनी पाहिले आहे. म्हणून त्यांना धीर देण्याऐवजी माहिती दिली. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर देशांनी एकत्र येऊन १९१४ मध्ये समुद्रसुरक्षेचा करार केला, आणि त्याच्या सुधारलेल्या रूपातले नियम आजही लागू आहेत. जीवरक्षक जाकिटे तीन मापांची असतात: पंधरा किलोखालच्या बाळांचे, पंधरा ते त्रेचाळीस किलोच्या मुलांचे आणि त्यापुढे मोठ्यांचे. मुलांची जाकिटे एकूण प्रवाशांच्या निदान दहा टक्के असावी लागतात, आणि मुले त्याहून जास्त असतील तर प्रत्येक मुलाला एक.

सासूबाईंनी लगेच विचारले, "अन् हिचं वजन किती?" तोच खरा प्रश्न होता. लेक पंधराच्या अगदी काठावर आहे. म्हणजे कुठले माप तिला घट्ट बसते ते जहाजावर चढताच घालून बघायचे. हे वहीत पहिल्या पानावर लिहिले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
'मोंथा' वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्याचा पाऊस आमच्यापर्यंत आला. कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा भिजल्या. हे आणि दीर दोन दिवस बांधावरच आहेत, कडपा उलटून सुकवताहेत. समुद्र आमच्याकडे येतो तो असा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की इथल्या रोवणीला पाणी मिळते, आणि अवेळी झाला की कापणी भिजते. इथे पिढ्यान्‌पिढ्या त्या समुद्राच्या भरवशावर शेती झाली, आणि आमच्या घरात कुठलाच समुद्र पाहिलेले कुणीच नाही. म्हणून लेकीला समुद्र दाखवणे मला चैनीचे वाटत नाही.

पण पैशांचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. यंदा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. आमच्या घरात मोठा खर्च रुपयांत नाही, क्विंटलांत मोजला जातो. जहाजाच्या जाहिरातीत दिसतो तो आकडा माणशी असतो. त्यावर बंदराचे शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी येतो. मुलाचे भाडे वेगळे. या सगळ्याची बेरीज लेखी मागितली. बाहेरच्या सहली आणि जादा पैशांची खास जेवणे पूर्ण काढून टाकली. खिडकीची खोली तेवढी ठेवली.

९ नोव्हेंबर, रविवार
जहाजाचे आरक्षण परवा झाले. आज रेल्वेचे. गाडीचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, म्हणून ८ जानेवारीच्या विदर्भ एक्स्प्रेससाठी सकाळी आठला बसलो. सुरुवातीला आधार जोडलेल्या खात्यांनाच तिकीट मिळत होते. ह्यांनी ती जोडणी आधीच करून ठेवली होती. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. रात्रभराच्या प्रवासात अर्ध्या बर्थवर झोपलेली लेक जहाजावर किरकिर करणार. आम्ही तिचे पूर्ण तिकीट काढले.

जहाज ९ तारखेला सुटत नाही, १० ला सुटते. मधला दिवस मुद्दाम राखला आहे. हिवाळ्यात गाडी तासन्‌तास उशिरा येऊ शकते आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. शिवाय लेकीला एक रात्र स्थिर जमिनीवर गाढ झोप मिळेल. तिला त्या दिवशी ताप आलाच तर काय, हेही ठरवले. मग मोठे जहाज नाही. बरे वाटल्यावर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीने तासाभराचा समुद्र बघायचा आणि परतायचे. ती बोट २०२० पासून चालते. पैसे बुडतील, ते आधीच मान्य करून ठेवले, म्हणजे त्या दिवशी तापातल्या पोरीला ओढत नेण्याचा मोह होणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
नवेगावबांधला रंगीत तालीम. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. मारुती चितमपल्लींनी इथेच वनाधिकारी म्हणून वर्षे काढली. यंदा जूनमध्ये ते गेले. काठावर थंडीचे पाहुणे पक्षी उतरू लागले होते.

नावेत बसण्याआधी लेकीला जाकीट घातले. ती रडली, पट्टा टोचतो म्हणाली. आतून पातळ सुती सदरा घातला तेव्हा शांत झाली. नाव हलताच तिने माझा हात घट्ट धरला. तिला सांगितले, समोरच्या टेकडीकडे बघ, पाण्याकडे नको. टेकडीकडे बघता बघता तिची मूठ सैल झाली. उलटी नाही, भीती नाही. उतरल्यावर पुन्हा बसायचा हट्ट. सासूबाई काठावरून सगळे बघत होत्या. "जाऊ द्या मग," एवढेच म्हणाल्या, आणि संध्याकाळी लेकीच्या दोन फ्रॉकांना आतून छोटे खिसे शिवायला बसल्या. त्यांत आमचे फोन नंबर आणि खोलीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी राहील.

२३ नोव्हेंबर, रविवार
संकटाचा इशारा शिकवला. जहाजावर भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज आले की ठरलेल्या जागी जमायचे. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया उलटले तेव्हा नुकत्याच चढलेल्या प्रवाशांचा सराव व्हायचा होता. त्यानंतर नियम झाला की सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच व्हावा. मंडईतली पिपाणी कामी आली. ह्यांनी सात छोटे, एक लांब वाजवले की लेक खेळणे टाकून धावत येते आणि माझा हात धरते. आता ती झोपेतूनही उठून येईल असे वाटते.

पिशवीही ठरली. निळे बाल आधार, आमची ओळखपत्रे, औषधे, आलेपाक, चुरमुरे, तिची गोधडी. साबणाचे छोटे तुकडे आवर्जून, कारण जहाजांवर पसरणाऱ्या उलटी-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर हाताला लावायचे सॅनिटायझर पुरेसे पडत नाही. साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. पोहण्याच्या तलावाचा नियम आमचा आम्हीच केला. अनेक जहाजांवर तिथे जीवरक्षक नसतो, तेव्हा लेक पाण्यात असेल तर आमच्यापैकी एक जण हाताच्या अंतरावर, आणि त्याचा फोन खोलीत.

३० नोव्हेंबर, रविवार
आज किनाऱ्याचा नकाशा काढला. मुंबई सोडली की डाव्या हाताला खांदेरी, मग सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. हे चारही किल्ले यंदा जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत आहेत. बरेचसे अंतर रात्री कापले जाईल आणि जहाज किनाऱ्यापासून लांब असेल, म्हणून ते दिसतील असे वचन लेकीला दिले नाही. कान्होजी आंग्रे नावाचे सरखेल होते आणि या पाण्यावर त्यांचा दरारा होता, एवढे सांगितले. तिने नकाशावर त्यांचे जहाज काढले, आमच्यापेक्षा मोठे.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागेल. मंदिरे, चर्च, बाजार काही नाही. जवळच्या बोगमाळोच्या वाळूत दोन तास, मग जेवण, मग तिची दुपारची झोप. रात्रीचे कार्यक्रम आमच्यापैकी एकाने पाहायचे, दुसरा खोलीत.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी हीच वही मागितली आहे. त्यांचा मुलगा तीन वर्षांचा. त्यांच्यासाठी शेवटच्या पानावर लिहिले: आधी मुलाचे वजन करा आणि डॉक्टरांना भेटा. महिना समुद्राच्या सोयीचा घ्या, खोली मधोमध आणि खाली. एक दिवस आधी पोहोचा. परतण्याचा निर्णय आधीच घेऊन ठेवा. आणि जवळच्या तलावावर एकदा नावेत बसवून बघा. आपल्या जिल्ह्यात तलावांना तोटा नाही. इतके झाले की निर्धास्त जा. आपल्या मुलांचाही समुद्रावर तेवढाच हक्क आहे.