बोळिंजच्या हवेतली काच

जुनी टेलिफोटो लेन्स हातात आली की मी आधी तिच्या पोटात पाहतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, मागून टॉर्च धरायचा आणि काच तिरकी करायची. धुळीचे ठिपके दिसले तर दिसू देत, त्यांनी फोटो बिघडत नाही. फांद्या फुटलेले, जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर मात्र मी हात आखडता घेतो. ती बुरशी.

अर्नाळ्याचा समुद्र जवळ, भोवती वाड्या आणि तळी; बोळिंजला जूनपासून भिंतींनाही ओल येते. एका विक्रेत्याकडून ‘एकदम स्वच्छ’ म्हणून घेतलेली 200 मिलिमीटरची लेन्स मी तिच्या मूळ कातडी केसमध्ये ठेवली होती. गणपतीत उघडली, तर आत धागे. काच उघडून पुसून घेतली. बुरशी गेली, पण तिने खाल्लेलं कोटिंग परत आलं नाही. उजेडाकडे धरलं की त्या धाग्यांचा नकाशा अजून दिसतो. कातडं ओल धरून ठेवतं. तेव्हापासून माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत असतात आणि आतल्या आर्द्रतामापकाचा काटा मी 40 ते 50 टक्क्यांत ठेवतो.

लेन्सची परीक्षा भल्या सकाळी. ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि चांगली लेन्सही मऊ वाटते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ट्रायपॉड लावून समोरच्या बेटावरच्या किल्ल्याची तटबंदी धरतो. फोकस रिंग अनंताच्या खुणेपर्यंत पोचण्याआधीच ती स्पष्ट झाली, तर लगेच लेन्सवर खापर फोडू नये. एम42 आट्यांच्या लेन्सला सेन्सरपासून 45.46 मिलिमीटर अंतर लागतं. सोनीच्या ई-माउंटमध्ये ते 18 आहे. मधले 27.46 मिलिमीटर अ‍ॅडॉप्टरने भरायचे. तो जरा आखूड निघाला की लेन्सवरची सगळी अंतरं खोटी पडतात.

खरा कस रात्री लागतो. म्हाडाच्या उंच इमारतींत दिवे लागले की गच्चीवरून दूरचा एकच दिवा आधी मधोमध, मग एकेक करून चारही कोपऱ्यांत घ्यायचा. चारी कोपरे सारखेच मऊ असतील तर मी ती लेन्स आनंदाने ठेवतो. अ‍ॅपर्चर दोन स्टॉप बंद केलं की बहुतेक वेळा ती सावरते. एकाच कोपऱ्यात दिव्याला शेपूट फुटलं, तर आतली काच कलली आहे: लेन्स पडली असेल किंवा कुणीतरी उघडून नीट बसवली नसेल. अशी लेन्स फुकटही घेऊ नये. चंद्रावर उगाच जीव टाकणाऱ्यांना एक हिशेब सांगतो: फोकल लांबीला साधारण 110 ने भागा. 200 मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर चंद्र दोन मिलिमीटरचाही उमटत नाही.

एवढं सगळं पार केलेल्या लेन्समध्येही माझी आवडती कोणती, ते रिंग ठरवते. तिच्यातलं ग्रीस सुकलेलं नको, पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरलेलंही नको. बोट फिरेल तेवढंच चित्र सरकलं पाहिजे. वाडीतल्या विहिरीजवळच्या तारेवर रोज एक खंड्या बसतो. तो उडाला की मी त्याच्यामागे लेन्स फिरवत नाही. तारेवर फोकस धरून थांबतो. तो बहुधा त्याच जागी परततो. आधी तार जराशी हलते, मग चॉकलेटी डोकं आणि पांढरा गळा एकदम चौकटीत येतात, आणि चोचीत अजून वळवळणारा टोळ असतो.