नाकाचा कौल

तुमच्या घरात रोज किती कामं नाक करतं, ते कधी मोजलंय का? दूध नासल्याचं आधी त्याला कळतं. कणगीतली ज्वारी कुबटली, तर तेच सांगतं. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या तोंडाला गोडसर वास येऊ लागला, की जाणता माणूस लगेच डॉक्टरांना निरोप धाडतो. आपण मात्र नाकाची आठवण काढतो ती सर्दी झाली की.

मीही तसाच. 2021 च्या एप्रिलात मला करोना झाला. ताप उतरला, पण वास गेला. फोडणी नाही, उदबत्ती नाही, काही नाही. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. तोही मला येईना. सौभाग्यवती मला एकट्याला स्वयंपाकघरात थांबू देईनात.

मे महिन्यात कामावर रुजू झालो. एका शेतकऱ्याने उकिरड्यापाशी नेलं. म्हणाला, “साहेब, मिरचीच्या वाफ्याला घालायचंय. कुजलंय का बघा.” आता खत ओळखायची माझी पंचवीस वर्षांची रीत एकच. मूठभर घ्यायचं, नाकाशी धरायचं. पुरतं कुजलेल्या खताला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. मातीतले सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, त्याचा तो वास. कनोजचे अत्तरवाले तापल्या मातीचा सुगंध बाटलीत भरतात, तर ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 1964 साली पावसाच्या या वासाला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. हे सगळं मी शेतकरी मेळाव्यांत सांगत आलेलो.

त्या दिवशी मूठ नाकाशी धरली. काहीच कळलं नाही. वास येत नाही, हे सांगायची लाज वाटली, दुसरं काय! वरचा थर काळा, भुसभुशीत दिसत होता. म्हणालो, “छान झालंय. घाला.” आत कोपरापर्यंत हात घातला असता, तरी ऊब लागून खत कच्चं असल्याचं समजलं असतं. तेवढंही केलं नाही.

तीन आठवड्यांनी वाफे पाहिले. रोपं पिवळी पडलेली, मुळ्या करपलेल्या. शेतकरी काही बोलला नाही. त्याची म्हातारी आई बांधावर बसली होती, ती म्हणाली, “वास कच्चाच व्हता, बाबा. पन सायेब म्हनले, म्हनून म्या गप बसले.”

मग मात्र मी त्या दोघांना खरं काय ते सांगितलं. बियाणं माझ्या पैशाने आणून दिलं, पण गेलेले दिवस कुठून आणून देणार? त्यांची लागवड लांबली ती लांबलीच.

श्रावणात एकदा जेवताना मी ओरडलो, “भाकरी करपली!” पुन्हा आलेला तो पहिला वास. मला आनंद झाला आणि सौभाग्यवतींना राग आला.

पुढच्या मे महिन्यात मी आपण होऊन त्या उकिरड्यापाशी गेलो आणि आधी म्हातारीला हाक मारली. तिने ढिगात खोल हात घातला, मूठ काढली, स्वतः हुंगली आणि माझ्या नाकासमोर धरली. म्हणाली, “आता तुमी सांगा.”